भिंतीवरच्या नकाशातील काळा डाग : पराभवानंतर फ्रान्सच्या शाळेत भूगोल कसा शिरला

(धागा)

१/ १८८७ साली आल्बेर बेतानिए या फ्रेंच चित्रकाराने एका वर्गाचे चित्र रंगवले. बाकांवर मुले बसली आहेत, भिंतीवर फ्रान्सचा मोठा नकाशा टांगला आहे आणि नकाशाच्या पूर्व कडेला एक काळा डाग आहे. शिक्षक तोच डाग दाखवत आहेत. त्यांच्यासमोर सैनिकी धाटणीचा गणवेश घातलेला एक विद्यार्थी उभा आहे. चित्राचे नावच ‘काळा डाग’. तास इतिहासाचा नाही, भूगोलाचा आहे.

२/ तो डाग म्हणजे अल्सेस-लॉरेन. १८७०-७१ च्या युद्धात प्रशिया व इतर जर्मन राज्यांनी फ्रान्सचा पराभव केला आणि १० मे १८७१ च्या फ्रँकफुर्ट तहाने संपूर्ण अल्सेस (बेल्फोरचा तुकडा वगळून) व लॉरेनचा एक भाग नव्या जर्मन साम्राज्यात गेला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर भूमी आणि पंधरा लाखांहून अधिक माणसे एका सहीने दुसऱ्या देशाची झाली. बेतानिए स्वतः त्याच प्रदेशातील मेत्स शहरात जन्मला होता.

३/ भारतीय वाचकांना हा प्रसंग परका नाही. आल्फोन्स दोदेची ‘शेवटचा धडा’ ही कथा केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून असंख्य विद्यार्थ्यांनी वाचली आहे. अल्सेसमधील शाळेत फ्रेंच भाषेचा तो अखेरचा दिवस. दोदेने सीमेपलीकडे गेलेल्या शाळेची गोष्ट सांगितली. सीमेच्या अलीकडे उरलेल्या फ्रान्समधील शाळांत मात्र त्याच वेळी एका नव्या विषयाला मानाचे स्थान मिळू लागले होते. तो विषय भूगोल.

४/ युद्धापूर्वी फ्रान्समध्ये भूगोल शिकवला जात नव्हता असे नाही. तथापि माध्यमिक शाळांत तो इतिहासाच्या शिक्षकाकडे जोडकाम म्हणून असे. प्रांतांची, त्यांच्या मुख्य ठाण्यांची, नद्यांची आणि उपनद्यांची नावे घोकायची व क्रमाने म्हणून दाखवायची, एवढाच त्याचा आवाका होता. नकाशा वर्गात असलाच तर शोभेपुरता. नदी तिथूनच का वाहते, शहर त्याच वळणावर का वसले, हे प्रश्न कोणी विचारत नसे.

५/ पलीकडे जर्मन भाषिक प्रदेशात चित्र वेगळे होते. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि कार्ल रिटर यांनी भूगोलाला शास्त्राचे रूप दिले होते. रिटर बर्लिनच्या विद्यापीठात शिकवत, तसेच तेथील सैनिकी विद्यालयातही शिकवत. भूमीचा उतार, नदीचे पात्र, खिंड आणि रस्ता यांचा परस्परसंबंध समजून घेणे हे विद्वानांप्रमाणेच सेनाधिकाऱ्यांच्याही शिक्षणाचा भाग झाले होते.

६/ १८६६ साली प्रशियाने सादोवाच्या लढाईत ऑस्ट्रियाला हरवले, तेव्हा ऑस्कर पेशेल या जर्मन लेखकाने मांडले होते की हा विजय प्रशियाच्या शाळामास्तरांचा आहे. पेशेल स्वतः भूगोलाचा अभ्यासक होता व पुढे लाइप्झिगला त्याच विषयाचा प्राध्यापक झाला. चार वर्षांनी पराभवाची पाळी फ्रान्सची आली आणि पेशेलचे ते मत फ्रेंच वर्तमानपत्रांतून, भाषणांतून व अहवालांतून पुनःपुन्हा फिरू लागले.

७/ २ सप्टेंबर १८७० रोजी सेदाँ येथे सम्राट तिसरा नेपोलियन सैन्यासह शरण गेला. त्यानंतर एक तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या झोळीत जर्मनीचे नकाशे होते, कारण लढाई तिकडेच होणार असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात लढाई फ्रान्सच्या भूमीवर झाली आणि स्वतःच्याच देशातील वाटा त्यांना ठाऊक नव्हत्या. पराभवाची कारणे अनेक होती. तोफखाना, रेल्वेची आखणी, सेनापतींतील गोंधळ. पण शाळेला लागू पडणारे कारण हेच होते, म्हणून शाळेने ते उचलले.

८/ नव्या प्रजासत्ताकाचे शिक्षणमंत्री ज्यूल सिमों यांनी १८७१ मध्ये दोन विद्वानांना माध्यमिक शाळांची पाहणी करण्यास पाठवले. एक अर्थशास्त्री व इतिहासकार एमिल लेव्हासर, दुसरे सोर्बोनमधील भूगोलाचे प्राध्यापक ओग्युस्त हिम्ली. त्यांना आढळले ते निराशाजनक होते. नकाशे अपुरे, शिक्षक अप्रशिक्षित, आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात नावांचा ढीग. तो ढीग परीक्षा संपताच रिकामा होत असे.

९/ लेव्हासर यांनी सुचवलेली दिशा आज साधी वाटते, कारण ती आता सर्वत्र रुळली आहे. प्रारंभ जवळच्यापासून करावा. आधी गाव, मग तालुका, मग प्रांत, मग देश. पाठांतराआधी निरीक्षण यावे. डोंगर-नद्यांबरोबर शेती, कारखाने, लोहमार्ग व व्यापार यांनाही स्थान द्यावे. महाराष्ट्रातील प्राथमिक वर्गांतील मूल आपल्या गावापासून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून राज्याकडे जाते, तो क्रम याच प्रकारच्या शिक्षणविचाराचा आहे.

१०/ पुढची पावले भराभर पडली. १८८० च्या कायद्याने मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा निघाल्या आणि त्यांच्या विषयांत भूगोल होता. २८ मार्च १८८२ च्या ज्यूल फेरी यांच्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षण सक्तीचे झाले. त्या कायद्याच्या पहिल्याच कलमातील विषयांच्या यादीत भूगोल आहे, आणि त्यातही विशेषतः फ्रान्सचा भूगोल, असे स्पष्ट म्हटले आहे.

११/ त्याच वर्षी शाळांमधून मुलांच्या कवायती तुकड्या उभारण्यासही मान्यता मिळाली. गणवेश, संचलन, लाकडी बंदुका. बेतानिएच्या चित्रातील गणवेशधारी मुलगा या तुकड्यांपैकी आहे. हा प्रयोग फार टिकला नाही. सेनाधिकाऱ्यांना तो पोरखेळ वाटला, अनेक पालकांना व शिक्षकांना खर्चिक आणि अनुचित वाटला, आणि १८९० च्या दशकात तो मावळला. लाकडी बंदुका माळ्यावर गेल्या. नकाशा मात्र भिंतीवर राहिला.

१२/ या काळातील सर्वांत वाचले गेलेले शालेय पुस्तक भूगोलाचेच आहे, जरी ते गोष्टीच्या रूपात असले तरी. १८७७ साली निघालेल्या ‘दोन मुलांची फ्रान्सप्रदक्षिणा’ या पुस्तकात चौदा वर्षांचा आंद्रे आणि सात वर्षांचा ज्युलियाँ हे अनाथ भाऊ लॉरेनमधील फाल्सबूर गाव सोडून निघतात. वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांना फ्रेंच नागरिक राहायचे आहे. काकांच्या शोधात ते प्रांतामागून प्रांत ओलांडतात आणि प्रत्येक ठिकाणचे पीक, कारागिरी व थोर माणसे पाहतात.

१३/ लेखकाचे नाव जी. ब्रुनो असे छापले होते. ते टोपणनाव होते आणि त्यामागे ओग्युस्तीन फुइये ही लेखिका होती. १९०१ पर्यंत या पुस्तकाच्या सुमारे साठ लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यात सूडाची भाषा जवळजवळ नाही. मुले हरवलेल्या गावातून निघतात, पण पुस्तक शिकवते ते काटकसर, श्रम, स्वच्छता आणि चीज कसे बनते हे. देश गमावण्याचे दुःख पहिल्या पानांवर येते आणि मग देश ओळखण्याचा आनंद शेकडो पाने व्यापतो.

१४/ या विषयाला विद्यापीठीय कणा दिला तो पॉल व्हिदाल द ला ब्लाश यांनी. १८४५ मध्ये जन्मलेले व्हिदाल मुळात प्राचीन इतिहासाचे अभ्यासक. युद्धानंतर त्यांची नेमणूक नान्सी येथे झाली. ते शहर आता सीमेच्या तोंडाशी आले होते आणि अल्सेस-लॉरेनमधून आलेल्या निर्वासितांनी भरले होते. तेथे शिकवता शिकवता व्हिदाल इतिहासाकडून भूगोलाकडे वळले. जर्मन भूगोलज्ञांचे ग्रंथ त्यांनी बारकाईने वाचले. ज्यांच्याकडून हरलो त्यांच्याकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१५/ १८८५ पासून आर्माँ कोलँ या प्रकाशनाने व्हिदाल यांचे भिंतीवरचे नकाशे काढण्यास सुरुवात केली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एकेक नकाशा एकेका विषयाला वाहिलेला असे. नद्या एकावर, उंचसखलपणा दुसऱ्यावर, प्रांत तिसऱ्यावर, लोहमार्ग आणखी एकावर. युक्ती मागच्या बाजूला होती. पुढे नावे छापलेली, मागे तोच नकाशा नावांवाचून. शिक्षकाने आधी पुढची बाजू शिकवावी, मग पुठ्ठा उलटवावा आणि मुलाला विचारावे. या मुक्या नकाशापुढे उभे राहण्याचा अनुभव फ्रान्समधील अनेक पिढ्यांनी घेतला.

१६/ व्हिदाल यांची मूळ कल्पना राजकीय सीमेपेक्षा खोल होती. माती, पाणी व हवामान माणसापुढे शक्यता ठेवतात आणि माणूस आपल्या सवयींनी, अवजारांनी व पिढ्यांच्या श्रमाने त्यांतून एक जीवनपद्धती घडवतो, असे ते मांडत. द्राक्षमळ्यांचा मुलूख, कुरणांचा मुलूख, चुनखडीच्या पठारांचा मुलूख असे देशाचे लहान लहान भाग त्यांनी पायी हिंडून अभ्यासले. कोकण, देश, मावळ, खानदेश ही नावे मराठी माणसाच्या तोंडी जशी सरकारी जिल्ह्यांहून अधिक जिवंत असतात, तशाच फ्रान्समधील या मुलुखांकडे ते पाहत.

१७/ १९०३ मध्ये त्यांचे फ्रान्सच्या भूगोलाचे विख्यात शब्दचित्र प्रसिद्ध झाले, तेही एर्नेस्त लाव्हिस संपादित फ्रान्सच्या बृहद् इतिहासाचा पहिला भाग म्हणून. म्हणजे राष्ट्राच्या इतिहासाचे दार भूगोलातून उघडले. त्या ग्रंथात व्होज पर्वत, लॉरेन आणि अल्सेस यांचे वर्णन इतर प्रदेशांच्या पंक्तीत येते. त्या वेळी हा भाग बत्तीस वर्षे जर्मन राज्यात होता. व्हिदाल यांनी घोषणा केली नाही. त्यांनी केवळ तो प्रदेश वगळला नाही.

१८/ येथे एक प्रश्न उभा राहतो. त्या काळ्या डागाखाली राहणाऱ्या मुलांचे काय? अल्सेसमधील बहुसंख्य घरांत फ्रेंच नव्हे, जर्मन कुळातील अल्सेसी बोली बोलली जात होती. तेथील शाळांत आता जर्मन साम्राज्याचा नकाशा टांगला होता आणि त्यावर स्ट्रासबुर्ग हे जर्मन शहर होते. एकाच गावाला दोन देशांतील दोन वर्गांत दोन रंग होते. त्या गावातील लोकांना कोणता रंग हवा, हे १८७१ मध्ये कोणी विचारले नव्हते. फ्रान्सचे नागरिकत्व हवे असलेल्यांना घर सोडून निघून जाण्याची मुभा तेवढी मिळाली.

१९/ ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. चाळीस वर्षे काळा डाग पाहत वाढलेली पिढी आनंदाने सूड घेण्यास धावली, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ती तपासण्याची संधी शाळामास्तरांमुळेच मिळाली. सप्टेंबर १९१४ मध्ये शिक्षणमंत्री आल्बेर सारो यांनी गावोगावच्या शिक्षकांना आपल्या गावातील युद्धकाळाची टिपणे ठेवण्यास सांगितले. शाराँतसारख्या काही प्रांतांतील ही टिपणे जपली गेली.

२०/ झाँ-झाक बेकेर या इतिहासकाराने १९७७ च्या ग्रंथात त्या टिपणांचा आधार घेतला. सैन्यभरतीची घंटा वाजली तेव्हा गावांत जल्लोषापेक्षा स्तब्धता अधिक होती. बायका रडत होत्या, पुरुष पिकाची चिंता करत होते. निघण्याच्या दिवसापर्यंत निर्धार आला, पण तो आपल्यावर आक्रमण झाले आहे या भावनेतून. अल्सेस-लॉरेन परत मिळवण्याचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी आढळतो. भिंतीवरचा नकाशा मुलांच्या स्मरणात होता. त्याने त्यांना युद्धाची ओढ मात्र लावली नव्हती.

२१/ तरीही किंमत त्यांनीच मोजली. फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक मारले गेले. व्हिदाल यांचा मुलगा जोझेफ हा सेनाधिकारी व स्वतः भूगोलाचा अभ्यासक होता. मेझ नदीच्या लॉरेनमधील खोऱ्यावर त्याने प्रबंध लिहिला होता. तो या युद्धात पडला. १९१७ मध्ये वृद्ध व्हिदाल यांनी पूर्व फ्रान्सवर, म्हणजे लॉरेन व अल्सेसवर, ग्रंथ प्रसिद्ध केला. एप्रिल १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. युद्धसमाप्तीला तेव्हा सात महिने उरले होते.

२२/ भूगोलाचे काम मात्र थांबले नाही. १९१७ मध्येच सरकारने भावी तहाच्या सीमांचा अभ्यास करण्यासाठी विद्वानांची समिती नेमली होती. अध्यक्ष लाव्हिस, उपाध्यक्ष व्हिदाल, चिटणीस व्हिदाल यांचे जावई एमान्युएल द मार्तोन. पुढे शांतता परिषदेत रुमानियाच्या सीमा ठरवताना द मार्तोन यांचे मत वजनदार ठरले. ज्यांनी शाळांसाठी नकाशे केले, त्या वर्तुळातील माणसे आता देशांच्या सीमा आखण्यास मदत करत होती. त्या सीमांनीही नव्या गावांना कोणाच्या तरी नकाशावरचा डाग केले.

२३/ अल्सेस-लॉरेन १९१८ मध्ये फ्रान्सकडे परतले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सकडे आले. १८६५ मध्ये स्ट्रासबुर्गला जन्मलेला आणि ऐंशी वर्षे जगलेला माणूस घर न बदलता चार वेळा देश बदलून गेला असता. प्रत्येक बदलानंतर शाळेची भाषा बदलली आणि भिंतीवरचा नकाशाही.

२४/ १९७६ मध्ये इव्ह लाकोस्त या भूगोलज्ञाने एक छोटे, खळबळजनक पुस्तक लिहिले. भूगोल सर्वांत आधी युद्धासाठी उपयोगी पडतो, असा आशय त्याच्या शीर्षकातच होता. त्याआधी चार वर्षे, उत्तर व्हिएतनाममधील तांबड्या नदीच्या बांधांवर अमेरिकन विमानांनी केलेल्या बाँबफेकीचा त्याने अभ्यास केला होता. बाँब कोठे पडले हे नकाशावर मांडल्यावर त्यामागील भौगोलिक हिशेब त्याला दिसला होता.

२५/ लाकोस्तचा आरोप शाळेवर होता. त्याच्या मते भूगोल दोन प्रकारचा असतो. एक सेनापतींचा, राज्यकर्त्यांचा व मोठ्या कंपन्यांचा. दुसरा मास्तरांचा. पहिला निर्णय घेतो, दुसरा नद्यांची नावे पाठ करून घेतो. दुसरा जितका कंटाळवाणा, तितका पहिला झाकलेला राहतो. विद्यार्थ्याला विषय निरुपद्रवी वाटतो आणि नकाशा कोण, कशासाठी वापरतो हा प्रश्न त्याला सुचतच नाही.

२६/ फ्रान्सच्या माध्यमिक शाळेत आजही इतिहास व भूगोल हे जोडविषय असून एकच शिक्षक दोन्ही शिकवतो. भूगोलाच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र उच्च पात्रता परीक्षा १९४३ मध्ये सुरू झाली, तरी बहुतेक शिक्षक इतिहासाचे पदवीधर असतात. लेव्हासर यांनी ज्या जोडकामाबद्दल तक्रार केली होती, ते पूर्णपणे सुटलेले नाही. महाराष्ट्रातही ‘इतिहास-भूगोल’ हा शब्द एका दमात उच्चारला जातो आणि वेळापत्रकात भूगोलाचा तास पुष्कळदा दुसऱ्याच विषयात मुरलेल्या शिक्षकाच्या वाट्याला येतो.

२७/ काळा डाग आता कोणत्याही वर्गात दाखवला जात नाही. पण फ्रान्सचा प्रांतवार नकाशा नीट पाहिला तर त्याची कड दिसते. तहानंतर उरलेल्या तुकड्यांतून मेर्त-ए-मोझेल हा प्रांत जोडला गेला. त्याचा उत्तरेकडे निमुळता होत गेलेला विचित्र आकार १९१८ नंतरही तसाच ठेवला गेला. अल्सेसमधून वाचलेले बेल्फोर पुन्हा जोडले जाण्याच्या अपेक्षेत अर्धशतक ‘प्रदेश’ म्हणून राहिले आणि १९२२ मध्ये स्वतंत्र प्रांत झाले. नावात ‘प्रदेश’ हा शब्द अजून आहे.

२८/ बेतानिएचे ‘काळा डाग’ हे चित्र आज बर्लिनमधील जर्मन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ज्या देशाविरुद्ध ते रंगवले गेले, त्याच देशातील शाळकरी मुले आता त्यासमोर उभी राहू शकतात. शिक्षक काय दाखवत आहेत, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगावे लागते. तोही भूगोलाचाच धडा.

(धागा समाप्त)